हा फार भडक

आईच्या एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात निळी.

घडीही न मोडलेली वर्तमानपत्रं.

भर दुपारी जळत राहिलेला दिवा.

चौथा रंगारी.

पहिल्या दोघांना आईने वाटेला लावलं होतं. एकाचा हात जड, दुसऱ्याचं तोंड फार चालतं. तिसरा आपणहून पळाला. "यांना इंद्रधनुष्य आणून दाखवलं तरी दुसरं काढा म्हणतील," असं लेकीला ऐकवून.

लेक मेटाकुटीला आली होती. दर रविवारी धापा टाकत यायचं आणि पोपडे सुटलेल्या भिंतींखाली बसून तेच भांडण भांडायचं. आज तिने निर्वाणीचं सांगून टाकलं, "साधा रंगारी तुला सांभाळता येत नाही, एकटीने घर काय सांभाळणार? आज रंग ठरला नाही तर कुलूप लावायचं आणि माझ्याकडे चलायचं."

"ठरेल की," आई म्हणाली. "पण पसंत मी करणार."

लेक स्वयंपाकघरात रंगाऱ्यासाठी पाणी ओतत होती. बाहेर भिंतीवर काहीतरी खर्रकन फिरलं.

"हा फार भडक," आईचा आवाज.

पुन्हा खर्र.

"छे! आजारी माणसाच्या तोंडावरचा रंग."

"आजी, जरा ऐका तर—"

"ऐकतेय. पुढचा दाखवा."

खर्र.

"हा मळकट."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेला आपटून ती बाहेर आली. "आई, तुला रंग द्यायचाच नाहीये! मुद्दाम चाललंय हे सगळं तुझं—"

आई भिंतीला जवळजवळ नाक लावून उभी होती. तळवा भिंतीवरून हळूहळू सरकत होता. रंगाऱ्याने लेकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग तूच सांग," आई वळली नाही. आवाज एकदम बारीक झाला. "तिन्ही रंगांतला कुठला बरा?"

लेक भिंतीकडे बघत राहिली.

"सांग ना. तो खोळंबलाय बिचारा."

"मधला," लेक म्हणाली.

"हां!" आईने हात झटकले. "मी तेच म्हणणार होते. ऐकलंत का हो? मधला. आणि दोन हात नीट द्या. माझं लक्ष असणार आहे."

रंगारी आज आला तेव्हा त्याच्याजवळ पोपडे खरवडायची पट्टी होती, बाकी काही नाही. रंग तो दुसऱ्या दिवशी आणणार होता.