दुसरा व्हाय

नातीने इंग्रजीचा अभ्यास करता करता विचारलं, "आजी, ओळख बघू, व्हाय म्हणजे काय?"

"का?" मी म्हटलं.

"अगं, तो नाही! हा दुसरा, व्ही-आय-ई. म्हणजे चढाओढ करणे. मला त्याचं वाक्य लिहायचंय. वाक्यात कुणाशी आणि कशासाठी, दोन्ही यायला हवं."

कुणाशी, ते मी लगेच सांगितलं: माझ्या थोरल्या जावेशी. कशासाठी, ते मात्र काही केल्या आठवेना. त्यापायीच तर चुली वेगळ्या झाल्या, बोलणं तुटलं. नात हटून बसली, तेव्हा इतक्या वर्षांनी मीच फोन लावला.

"जाऊबाई, नातीला वाक्यात लिहायचंय, आपली चढाओढ नेमकी कशासाठी होती हो?"





"मलाही नाही आठवत गं. पण तुझ्याआधी मी विसरलेय, तेवढं लिहायला सांग तिला!"