बाळंतिणीची वाटी

धाकटी जाऊ बाळंत होऊन घरी आली आणि सासूबाईंनी कंबर कसली. सकाळी बदाम घातलेलं दूध, दुपारी मऊ भात, संध्याकाळी वाटीभर गरम सूप. थोरली सगळं निमूटपणे धाकटीच्या खोलीत नेऊन द्यायची, पण आतून नुसती धुमसत असायची.

"थोरलीला नका बाई सारखं बाळापाशी पाठवू," मावससासू सासूबाईंच्या कानाशी कुजबुजल्या. "मागच्या वर्षी तिचं जन्मतःच गेलं. हिचं सुख तिला कसं बघवेल?"

थोरलीने ते ऐकलं. बाळाला तर ती जीव लावून खेळवत होती. तिला बघवत नव्हती ती वाटी. मागच्या वर्षी दवाखान्यातून परतल्यावर तिसऱ्याच दिवशी ती ओट्यापाशी उभी होती. टाके ओले होते, पाझरणाऱ्या दुधाने ब्लाउज भिजत होता, आणि घरातले सगळे जेवायला बसले होते.

त्या संध्याकाळी सूप नेता नेता ती दाराआड थांबली आणि सगळी वाटी घटाघट पिऊन टाकली. वळून पाहते तर मागे सासूबाई!

"अगं, लाज कशी वाटली नाही तुला? बाळंतिणीच्या तोंडचं पळवतेस?"

थोरलीने पदराने ओठ पुसले. रिकामी वाटी त्यांच्या हातात ठेवली.

"आई, मीसुद्धा बाळंतच झाले होते. फक्त माझं बाळ घरी आलं नाही."