लाल पेन्सिलीची शेवटची खूण

बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी सुट्या भागांचं किट आणून जोडायला घेतलेला हॅम रेडिओ, दोन्हीकडून बोलता येणारा हौशी बिनतारी संच, आज दुपारी परळच्या आमच्या खोलीत पहिल्यांदा बोलला.

"तुमचा आवाज अगदी स्पष्ट येतोय," मालवणहून कुणीतरी म्हणालं. गॅलरीत जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जिंकलो गं," बाबा डोळे पुसत म्हणाले. प्रत्येक भाग डाग देऊन बसवला की भागांच्या यादीवर लाल खूण करायची, ही त्यांची शिस्त. "प्रिती, शेवटची तू कर."

यादीत फक्त क्रिस्टल, लहरींची वारंवारता ठरवणारा छोटा भाग, उरला होता. त्याच्याशिवाय हा रेडिओ चालूच शकत नाही. मी त्याची पुडी उघडली. क्रिस्टल आतच होता, न बसवलेला.

माइकचं बटण दाबलेलं असेल तरच आपलं बोलणं पलीकडे जातं; ते मी केव्हाच सोडलं होतं.

"करून टाक खूण, प्रिती," मालवणचा आवाज म्हणाला.