चार घरं

"एकच?" शालूबाईंनी विचारलं.

औंधात नारायण मास्तरांच्या ओसरीवर चौघं बसली होती. मास्तर दौत-टाक घेऊन चौरंगापाशी, त्यांच्यासमोर लालासाहेब ताठ मांडी घालून, त्यांची मुलगी अंजना त्यांच्या मागे, आणि तिची आई शालूबाई खांबाआड, पदर कपाळावर ओढून. सेहेचाळीस सालचा जून होता. अंजना मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली होती आणि तिला सायन्सला जायचं होतं. इटलीच्या लढाईतून जमादार होऊन परतलेल्या लालासाहेबांनी निकालाच्या दिवशीच हुकूम सोडला होता. यंदा कॉलेजानं घेतलं तर शीक, नाही घेतलं तर माघात लग्न.

"एकच अर्ज," मास्तर म्हणाले. "पुण्याला. मी स्वतः तिथलाच."

पुण्याच्या त्या कॉलेजाखेरीज आणखी कॉलेजं आहेत हे मास्तरांना ठाऊक होतं, पण मान्य नव्हतं. वीस वर्षं ते हुशार मुलांचे अर्ज डोळे मिटून तिकडे धाडत आले होते. कुणाला तिथं घेतलं, कुणी घरी बसलं.

शालूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण भावकीतल्या अकरा पोरी त्यांनी उजवल्या होत्या, आणि एकही परत माहेरी येऊन बसली नव्हती.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि मास्तरांना ऐकवलं, "लग्नाच्या पोरीसाठी एकाच घरी निरोप धाडून आपण गप बसतो व्हय?"

"ही काय सोयरीक हाय?" लालासाहेब म्हणाले.

"पोरगी परक्याच्या हाती द्यायची. मग दुसरं काय हाय?" त्यांनी मास्तरांकडे मोर्चा वळवला. "हे पुण्याचं घर आपल्या बरोबरीचं हाय का वरचढ?"

मास्तरांना जन्मात कुणी असं विचारलं नव्हतं. "बरोबरीचं म्हणा," ते विचार करून म्हणाले. "बहुतेक घेतील. खात्री मात्र नाही."

"मग बरोबरीचं आनखी एक सांगा."

"कोल्हापूर आहे."

"लिवा. आता आत्याचं घर कुठलं?"

मास्तर बुचकळ्यात पडले. अंजनाला हसू आलं. भावाची मुलगी सून करून घ्यायची चाल तिच्या गावात घरोघर होती. कुठंच जमलं नाही तर आत्याचं दार उघडं असायचं.

"न्हाई न म्हणणारं घर, मास्तर," ती हळूच म्हणाली.

"हां. मग सांगली," मास्तर खुलले. "सांगलीला पहिल्या वर्गाची मुलगी परत पाठवणार नाहीत."

"लिवा. आन वरचढ?"

"वरचढ म्हणजे मुंबई. पण तिथं साऱ्या इलाख्यातली मुलं येतात, बाई. आपल्यासारख्यांना कोण विचारतो?"

अंजनाने मान खाली घातली. मुंबईचं ते कॉलेज तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून खोडून टाकलं होतं आणि कुणापाशी बोलली नव्हती. खांबाआडून आई आपल्याकडे बघते आहे, हे तिला मान वर न करताही कळलं.

"लिवा," शालूबाई म्हणाल्या.

"उगं कागद वाया," लालासाहेब म्हणाले. "नकोच म्हणणार त्ये."

"त्यांचं नको त्यांना म्हणू द्या. आपण कशापायी म्हणायचं?" शालूबाई म्हणाल्या. "पर जिथं पोरगी द्यायची न्हाई, तिथं निरोप धाडायचा न्हाई. त्यांनी व्हय म्हटल्यावर मागं फिरलं, तर भावकीत तोंड दाखवाया जागा ऱ्हात न्हाई. तुमीच सांगत आलाय हे. तवा मास्तरांच्या म्होरं एकेक घर बोलून टाका. सांगली?"

"देऊ."

"कोल्हापूर?"

"देऊ."

"पुणं?"

"देऊ की."

"मुंबई?"

लालासाहेबांनी खांद्यावरच्या टॉवेलाने मान पुसली.

"लय लांब हाय," ते म्हणाले.

"इटलीपरीस जवळ हाय."

मास्तरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. लालासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मुलींचं वसतिगृह हाय का तिथं?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी आहे म्हणून सांगितलं.

"देऊ," ते म्हणाले. फौजेतला माणूस, दिलेला शब्द आता मोडणार नव्हता.

अंजना आईकडे बघतच राहिली. साताऱ्याच्या पलीकडे कधी न गेलेल्या या बाईने मुंबईपासून सांगलीपर्यंत सगळी कॉलेजं अर्ध्या तासात ओळीने मांडली होती, आणि वडिलांना त्यांच्याच शब्दात बांधून ठेवलं होतं. आपली आई आपल्याला ठाऊक आहे, असं अंजना सतरा वर्षं समजत आली होती.

मास्तरांनी चारही अर्ज लिहिले आणि सह्यांसाठी लालासाहेबांपुढे सरकवले. तीन सह्या झाल्या. चौथीला त्यांनी टाक वरच्यावर धरला.

"आन चारी घरांनी न्हाई म्हटलं तर?" ते म्हणाले. "मग तर माघात बार उडवायचा न्हवं?"

शालूबाई खांबाआडून पुढे आल्या. मास्तर समोर असताना पहिल्यांदाच त्यांनी पदर कपाळावरून मागे सारला.

"चार घरांनी न्हाई म्हटलं म्हणून पोरगी कुणी हिरीत ढकलत न्हाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली दुसरी चार बघायची. करा सही."