कॅमेऱ्यासमोरचा बरू

बरूचा तुरा आपल्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या काचेवर घासायला लागला, त्या सकाळी प्रभाकरराव अर्धा कप चहा तसाच टाकून शेजारी गेले.

"वहिनी, हे गवत कापून टाका आता," ते फाटकातूनच म्हणाले. "साप निंगतीन."

प्रमोदिनीबाई बरूच्या बुडाशी पाइप धरून उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी समोरच्याला उभं करून ठेवायची सवय गेली नव्हती.

"निंगू द्या. माह्या अंगणात निंगतीन."

"उंदीर होतीन."

"मंग साप कामी येतीन."

प्रभाकरराव आल्या पावली परत फिरले.

बोरगाव मेघेच्या त्या गल्लीत लोक अंगणात जास्वंद लावतात, फार तर पपई. नाल्याकाठी वाढणारा, उसासारखा दिसणारा आणि उसाचा एकही गुण नसलेला बरू हौसेनं लावणारी बाई ही एकच. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी नत्थू ऑटोवाल्याकडून धाम नदीच्या काठचे कंद आणवले. सगळं अंगण मोकळं पडलेलं असताना लावले मात्र प्रभाकररावांच्या भिंतीला खेटून, कॅमेऱ्याच्या पुढ्यात. दसऱ्याला बरू दोन पुरुष उंच झाला. गल्लीनं काढायचा तो अर्थ काढला. बिचारी एकटी बाई, शेजाऱ्याच्या नजरेला आड लावते.

खरं तर तो कॅमेरा प्रभाकररावांचा नव्हताच. बाईंची मुलगी वेदश्री पुण्याला नोकरी करते. मागच्या वर्षी बाई अंगणात घसरून पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. वेदश्री धावत आली. आधी म्हणाली, पुण्याला चल. मग म्हणाली, निदान घरात कॅमेरा लावू दे. "मी काय सराफाचं दुकान आहे?" म्हणून बाईंनी दोन्ही उडवून लावलं.

तेव्हा पोरीनं काकांना गाठलं. कॅमेरा काकांच्या भिंतीवर, चित्र तिच्या मोबाइलवर. अंगणात काही हललं की मोबाइल वाजणार. आईला कळू द्यायचं नाही, आणि काकूंना तर नाहीच, कारण कमलाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. प्रभाकररावांनी शब्द दिला. वेदश्रीचे वडील कृष्णकांत त्यांचे जिवलग मित्र होते. त्यांच्या पोरीला नाही कसं म्हणणार?

तोच शब्द आता गळ्याशी आला होता.

"काका, मोबाइल दिवसभर वाजतो," वेदश्री फोनवर रडकुंडीला आली होती. "मीटिंगमध्ये वाजतो, झोपेत वाजतो. उघडून पाहावं तर नुसतं गवत हलून राह्यलं. आई दिसतच नाही."

"मंग आवाज बंद कर ना."

"अन् ती पुन्हा पडली तर?"

प्रभाकररावांनी शिडी लावून कॅमेरा दुसऱ्या कोपऱ्यात नेला. चार दिवसांत बरूचे दांडे सुतळीनं त्याच कोपऱ्याकडे ओढून बांधलेले. मग त्यांनी नत्थूला विळा देऊन पाठवलं. बाई बरूसमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसल्या. नत्थू त्यांच्याच हातचा चहा पिऊन परत आला.

घरात कमलाबाईंनी बोलणं तोडलं. तोडण्याआधी एवढंच विचारलं, "मले खरं सांगा. तिच्या अंगणात काय पाहून राह्यले तुम्ही?"

"चोरासाठी लावला तो."

"चोर आपल्याकडे येते का तिच्याकडे?"

सकाळच्या फिरण्यातले मित्र त्यांना पाहून विषय बदलू लागले. जन्मभर मान खाली घालून चाललेला माणूस. म्हातारपणी हा डाग त्यांना सहन होईना. ते पुन्हा फाटकाशी गेले.

"वहिनी, माही अब्रू चालली."

"कॅमेरा काढा. मी बरू कापतो."

"नाई काढता येत."

"काऊन?"

शब्द दिलेला. प्रभाकरराव फाटकाची कडी लावू लागले.

"मंग माहाबी बरू नाई कापल्या जात," बाई म्हणाल्या. "माही जागा, माहं गवत. गवत म्हटलं की हवेनं हलनारच. ज्याले तरास होते त्यानं याव अन् मले सांगाव."

प्रभाकररावांनी त्या रात्री फोनवर हात टेकले. "वेदश्री, माह्यानं आता होत नाई. तूच ये."

ती शनिवारी आली. अंगणात उभी राहून तिनं आईला सगळं सांगून टाकलं. कॅमेरा माझा, काकांचा यात काही दोष नाही, चिडायचं तर माझ्यावर चीड. भिंतीपलीकडे कमलाबाईंनी शब्द न् शब्द ऐकला आणि कित्येक दिवसांनी नवऱ्यासमोर चहाचा कप आणून ठेवला. प्रभाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई लेकीवर चिडल्या नाहीत. "आधी जेव," एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांसाठी आलेली वेदश्री आठवडाभर राहिली. भिंतीवरून रोज मायलेकींचं हसणं ऐकू यायचं. जाताना तिनं दर महिन्याला यायचं कबूल केलं.

लेकीला स्टेशनवर सोडून बाई आल्या आणि विळा घेऊन बरू कापायला बसल्या. प्रभाकरराव पाहतच राहिले.

"आता काऊन कापून राह्यल्या वहिनी? कॅमेरा तर अजून भिंतीवरच आहे."

"राहू द्या. बरूची बुडं मीबी ठेवली. लागला तर पुन्हा फुटते."

"म्हणजे... तो कॅमेरा कोणाचा, हे तुम्हाले माहीत होतं?"

बाईंनी एक दांडा कापून बाजूला ठेवला. "मी पोरीले नाई म्हटलं अन् तो तुमच्या भिंतीवर लागला. त्याच दिवशी समजलं, भाऊजी. वर्षभर रोज सकाळी त्याच्याकडे पाहून हात हलवला मी. पोरीनं एकदा फोन करून विचारलं नाई, आई, हात कोणाले हलवते. अन् गवत हललं, तर धावत आली."