अबू करमची सेटिंग

“अजून पिवळंच?” तिचा वरिष्ठ फव्वाज मागे येऊन उभा राहिला. सुंदुसच्या स्क्रीनवर जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पिवळी रेघ होती. “आज गुरुवार, उद्या सुट्टी. दुपारच्या नमाजानंतर मला वर कळवायचंय, तुला कायम करायचं की नाही. हे असलं बघून काय कळवू?”

“प्लगइनमध्येच काहीतरी गडबड आहे.”

“बरी तुझ्याच प्लगइनमध्ये गडबड! तो अबू करमचा स्क्रीन बघ. धुतल्या तांदळासारखा.”

ते मात्र खरं होतं. अबू करम या कचेरीतले सगळ्यात जुने. इरबिद शहरात कोणत्या गल्लीला कधी पाणी सुटणार, तो निरोप घरोघरच्या फोनवर धाडणारा प्रोग्रॅम मुळात त्यांचा. सुंदुस त्यांचीच एक फाइल पुढे वाढवत होती. खरं तर प्लगइनचं, म्हणजे एडिटरला जोडलेल्या चुका दाखवणाऱ्या तुकड्याचं, काम साधं. त्याच्या मागे एक सर्व्हर बसलेला असतो, तो आपण लिहिलेलं वाचत जातो आणि शंका आली की रेघ ओढतो. सुंदुसने सकाळपासून प्लगइन काढून पुन्हा घातलं, सर्व्हर बंद करून चालू केला, जुना साठा पुसला. रेघा ढिम्म हलेनात. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शेजारच्या मैसने मरमियाचा पाला घातलेला चहा पुढे सरकवला. “अगं शहाणे, पहिल्या दिवशी अबू करमची सेटिंग घेतली नाहीस ना? आम्ही सगळ्यांनी घेतली. बरकत आहे त्यांच्या हातात!”

सुंदुस विद्यापीठातून स्वतःची सेटिंग घेऊन आली होती, मोठ्या ऐटीत. आता ऐट गिळून तिने अबू करमची सेटिंगची फाइल उतरवून घेतली आणि एडिटर पुन्हा उघडला. एकही रेघ नाही! “सुटले बाई एकदाची,” ती पुटपुटली.

“शाब्बास!” फव्वाज लांबूनच ओरडला. “आता कसं! झालं तुझं काम.”

दुसरी कुणी असती तर इथेच थांबली असती. हिचा हात शिवशिवला. तिने कोडच्या मधोमध लिहिलं, ‘आज मुलूखियाची भाजी केलीय, जेवायला या.’ स्क्रीन गप्प. साधी एक रेघ नाही. तिने सेटिंग वाचून काढली. तीत सर्व्हरचा पत्ता होता तो अबू करमच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा, आणि तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. प्लगइन तिथे जायचं, कुणी सापडायचं नाही, की मुकाट्याने परत यायचं. खाली आणखी एक ओळ होती, सर्व्हर सापडला नाही तरी तक्रार दाखवू नकोस म्हणून. म्हणजे कचेरीत कुणाचंच कोड कुणीच वाचत नव्हतं.

गप्प बसली असती तर नोकरी पक्की होती. आईने तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. सुंदुस उठून अबू करमच्या टेबलाशी गेली.

“अबू करम, रागावू नका, पण तुमच्या फाइलीत काहीही वेडंवाकडं लिहून बघता?” तिने हळूच विचारलं.

“कसली परीक्षा घेतेस गं म्हाताऱ्याची?” ते हसले. त्यांनी नातवाचं नाव लिहिलं. काहीच झालं नाही. मग सगळी अक्षरं धडाधड बडवली. तरी काही नाही. त्यांचं हसू मावळलं.

“पत्ता बदल,” ते म्हणाले. तिने आपल्या सेटिंगमधला चालू पत्ता घातला, तक्रार लपवणारी ओळही काढली. स्क्रीन वरपासून खालपर्यंत पिवळा झाला, मधेमधे लालही. अबू करमनी चष्मा चढवून पहिल्या काही रेघांच्या तक्रारी वाचल्या. तिच्या स्क्रीनवर होत्या त्याच, शब्दशः; म्हणजे चुका मुळात त्यांच्याच जुन्या कोडमधल्या. त्यांचे कान लाल झाले. सुंदुसला स्वतःचीच लाज वाटली, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

फव्वाज धावत आला. “हे काय! या पोरीने तुमचंही बिघडवलं? आता वर काय कळवू मी?”

अबू करमनी पायाने बाजूची खुर्ची ओढून सुंदुसला बसायला दिली.

“कळव,” ते म्हणाले, “की आजवर या कचेरीत हिच्या एकटीचंच प्लगइन धड चालत होतं.”