मीटरचा भरवसा

सुवर्णाताईंनी दुकानाच्या पत्र्यावरून करंट तपासायचा मीटर खाली सोडला आणि रविराज झेलायला धावला.

"दहा फुटांवरून पडला तरी काही होत नाही," हे वाक्य खरं तर त्याचंच. पण ते कंपनीनं पाठ करून घेतलेलं. गिऱ्हाईक लगेच शिडी लावेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडं नमुन्याचा हा एकच मीटर होता, आणि महिना संपत आला तरी एकही ऑर्डर नव्हती.

मीटर खडीवर आपटला, दोन कोलांट्या खाऊन थांबला. ताई उतरल्या, त्याच्या लाल-काळ्या पिना बॅटरीला लावून पाहिल्या. नऊ व्होल्ट.

"बरा हाय," त्या म्हणाल्या.

तळेगाव ढमढेऱ्यात जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं ताईंचं दुकान. त्यात बाजाराचा दिवस, त्यामुळं बघ्यांना तोटा नव्हता. आपली मोटार घ्यायला आलेल्या हौसराव आबांनी तर कुणी न सांगता ट्रॅक्टर चालू केला.

"आबा, ट्रॅक्टरचं कंपनीनं काही म्हटलेलं नाही!" रविराज ओरडला.

पुढचं चाक तोवर मीटरवरून गेलं होतं. मीटर खडीत रुतला. ताईंनी उपसून पदरानं पुसला. पुन्हा नऊ व्होल्ट. आबा खाली उतरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविराजनंही वाजवल्या, आणि खिशातून ऑर्डरचं पुस्तक काढलं.

"थांबा," ताई म्हणाल्या. आत जाऊन बोर्डाशी काहीतरी खुडबुड करून आल्या. बोर्डातून आलेल्या दोन उघड्या वायरींना त्यांनी पिना लावल्या. आकडा आला शून्य.

"करंट हाय का ह्यात?"

"नाही ताई. शून्य दाखवतोय ना!"

"मग धरा हातात."

रविराजचा हात पुस्तकावरच राहिला. "ताई, मी सेल्समधला..."

"दुकानात माझ्या दोन पोरी रोज आकडा बघून वायरीला हात घालत्यात. त्यांनी ठेवायचा भरवसा, आन् तुम्ही न्हाई?"

रविराजनं घाम पुसला, डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि बोट टेकवलं.

"मेलो गं आई!" म्हणत तो उडाला तो थेट आबांच्या अंगावर.

ताईंनी त्याच वायरी शांतपणे मुठीत धरल्या. दुसरी मूठ उघडली. तीत बोर्डाचा फ्यूज होता.

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. रविराज धूळ झटकत उठला. कान लाल झालेले. आता जीप धरून शिरूर गाठावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"चार मीटर लिहा," ताई म्हणाल्या.

"घेतीस व्हय?" आबा म्हणाले. "अगं, करंट नसताना बोंबलला की त्यो!"

"बोंबलू द्या, आबा. ह्याच्या आधी तिघं मीटर इकाया येऊन गेले. एकानंबी वायरीला हात लावला न्हवता."